शपथेवर घेतलेलं नाव

साकोलीच्या तहसील कचेरीत ज्याची तारीख असे त्याला दुपारी भूक लागे, आणि भूक लागली की कोणीतरी त्याला रुखमाबाईच्या घराकडे बोट दाखवी. कचेरीमागच्या गल्लीत कवेलूच्या छपराचं दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणात चूल. पाटी नव्हती, कारण रुखमाबाईला वाचता येत नव्हतं आणि येणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही. भात, वरण, एखादी भाजी, तलावात जाळं पडलं असेल तर झिंग्यांचं कालवण. लोक त्या घराला तारीखवाल्यांची खानावळ म्हणत. माणसं तिथं यायची, तारीख पुढे गेली म्हणून तोंड पाडून बसायची, आणि रुखमाबाई त्यांच्या भातावर आणखी एक पळी वरण ओतायची. दुःखावर तिच्याकडे तेवढा एकच इलाज होता. कचेरीकडे तर तोही नव्हता.

तिच्याबद्दल साऱ्या साकोलीला ठाऊक असलेली गोष्ट अशी. तिचा नवरा गोमाजी भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिकडे मजुरीला गेला. एक-दोन वर्षं निरोप आले, मग बंद झाले. रुखमाबाई एकटी गाडीत बसून त्याला शोधायला गेली आणि हात हलवत परत आली. ‘सापडला नाही,’ एवढंच तिनं सांगितलं. तेव्हापासून ती गळ्यात काळी पोत घालून, कपाळाला कुंकू लावून वाट पाहत होती. गावानं तिला मान दिला. नवरा हरवलेली बाई म्हटलं की बायका आवाज खाली आणतात, पुरुष नजर खाली घालतात, आणि दुकानदार माप थोडं सढळ घालतो.

आणि फक्त रुखमाबाईला ठाऊक असलेली गोष्ट अशी. गोमाजी सापडला होता. भिलाईशेजारच्या दुर्गच्या एका वस्तीत तो अंगणातल्या दगडावर आंघोळ करत होता. एक बाई त्याच्या पाठीवर पाणी ओतत होती आणि दोन लेकरं ओल्या मातीत खेळत होती. रुखमाबाई फाटकाशी उभी राहिली. त्यानं मान वर करून पाहिलं, ओळखलं, ओळखल्याचं तिला स्पष्ट दिसलं, आणि मग विचारलं, ‘‘कोन पायजे?’’

‘‘कोनी नाही,’’ ती म्हणाली. ‘‘घर चुकलं.’’

घरी येताना गाडीभर तिनं विचार केला होता. हरवलेल्या माणसाच्या बायकोला गाव सांभाळून घेतं, टाकलेल्या बायकोला हसतं. तिनं पहिलं पसंत केलं. यात तिला कोणी दोष द्यायचा असेल तर त्यानं आधी आपल्या नवऱ्याच्या तोंडून ‘कोन पायजे’ ऐकून यावं.

गल्लीच्या तोंडाशी, कचेरीच्या भिंतीला लागून भैय्यालाल बसे. तो अर्ज लिहायचा. टिनाचा डबा उलटा ठेवून त्यावर कागद, शाईची बाटली आणि कानामागे विडी. दोन्ही वेळ जेवायला रुखमाबाईकडेच, कारण त्याची बायको कधीच वारली होती आणि सुनेचा हात आखडता होता. भला माणूस. रायपूरकडे जाणारा कोणीही दिसला, ट्रकवाला असो की बांगड्या विकणारा, की तो त्याला थांबवून सांगायचा, ‘‘भिलाईकडे कोनी गोमाजी भेटला तं सांगा, साकोलीत बायको वाट पाहून राहिली म्हना.’’ इतकी वर्षं तो हे करत होता. रुखमाबाई चुलीजवळ बसून ऐकायची आणि लाकूड उगाच आत सारायची.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला खानावळीत नवी माणसं येऊ लागली. अर्जुनीच्या पलीकडे जंगल तोडून सरकारनं पूर्व बंगालातून आलेल्या लोकांना जमिनी दिल्या होत्या. त्यांची वसाहत म्हणजे गावाच्या भाषेत बंगाली कॅम्प. त्या लोकांना नागरिकत्वाची नोंद करायची असे, जमिनीच्या पट्ट्यावर नाव चढवायचं असे, रेशनचं कार्ड फाटलेलं असे, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी साकोली गाठावी लागे, नाहीतर साकोलीवरून पुढे भंडारा. कचेरीत त्यांचं बोलणं कोणाला कळत नसे आणि कचेरीचं त्यांना. बाजारात त्यांना पाहून काही लोक नाक मुरडत, ते फार मासे खातात म्हणून. जसे काही इकडच्या झाडीपट्टीतले तलाव शोभेसाठीच खोदले होते.

त्यांच्यासाठी साकोलीत कोणी समिती काढली नव्हती की सभा घेतली नव्हती. भैय्यालाल त्यांचे अर्ज लिही आणि ज्याच्याकडे काही नसेल त्याच्याकडून काही घेत नसे. रुखमाबाई जेवायला घाली आणि शेवटची बस चुकली तर ओसरीवर चटई टाकी. बसस्थानकावरचा कंट्रोलर भंडाऱ्याहून निरोप आणून देई. कोणाची ओळख पटवायला साक्षीदार लागला तर रुखमाबाई लुगडं नीट करून कचेरीत जायची आणि अंगठा द्यायची. बस, इतकंच. ते पुरत होतं असं नाही, पण त्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पारुलबाला मंडल आली. वय चाळिशीच्या आत-बाहेर, पांढरी साडी, कपाळ मोकळं, हात उघडे. भात वाढला तेव्हा तिनं पानावरचं कालवण बोटानं बाजूला सारलं.

‘‘बंगाली असून मासे नाही खात?’’ रुखमाबाईनं विचारलं.

पारुलनं आपल्या पांढऱ्या पदराला हात लावला. रुखमाबाईला कळलं. त्यांच्यात नवरा गेला की बाई मासा सोडते.

तिची कथा भैय्यालालनं हळूहळू, अर्धी हिंदीतून आणि अर्धी हातवाऱ्यांतून काढून घेतली. सरहद्द ओलांडल्यावर पहिल्याच कॅम्पात तिचा नवरा हगवणीनं गेला. दोन दिवसांनी नावं लिहून घ्यायची रांग लागली. तिच्यापुढे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ गुरुपद उभा होता. लिहिणाऱ्यानं तिला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नसतं. आणि थोरल्या दिराचं तर नावही नाही, सावलीही ओलांडायची नाही. तिनं पदर ओढून मान खाली घातली. गुरुपदानंही तिच्याकडे पाठ फिरवली, कारण भावजयीकडे पाहणं त्यालाही शोभणारं नव्हतं. मागची रांग ओरडत होती. लिहिणाऱ्यानं पुढचा पुरुष पाहिला, मागची बाई पाहिली, आणि लिहून टाकलं, गुरुपद मंडल याची पत्नी.

‘‘म्हंजे भासऱ्याची बायको?’’ रुखमाबाईनं तोंडावर हात ठेवला. झाडीपट्टीत थोरल्या दिराला भासरा म्हणतात. पारुलला तो शब्द लगेच कळला, कारण तिच्याकडे भाशुर म्हणत. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतकी वर्षं एका कागदावर ती त्या माणसाची बायको होती ज्याच्यासमोर ती उघड्या डोक्यानं उभी राहू शकत नव्हती.

हे तिला फार उशिरा कळलं. जमीन गुरुपदाच्या कुटुंबाला मिळाली आणि ती त्यांच्या ओसरीला पडून राहिली. पण त्या वर्षी वसाहतीतली काही घरं सगळं सोडून बंगालकडे परत निघाली, त्यात गुरुपदाचंही होतं. तिला कोणी चल म्हटलं नाही. ती मागे राहिली आणि कार्डावरून तिचं नाव कापलं गेलं, कारण ज्याची ती बायको होती ते कुटुंब निघून गेलं होतं. आता तिला रेशन नव्हतं, जमीन नव्हती, आणि ती या देशाची आहे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. नवरा हरिपद, त्याची विधवा म्हणून स्वतःच्या नावानं नोंद झाली तरच वसाहतीत तिला घराची जागा आणि जमिनीचा तुकडा मिळणार होता.

त्या दिवशी शेवटची बस चुकली म्हणून ती ओसरीवर झोपली. मग पुढच्या तारखेपर्यंत राहिली. मग त्याच्या पुढच्या. अशी चार वर्षं गेली.

चार वर्षं म्हणजे काय असतं ते एकट्या माणसाला विचारावं. पहिल्या महिन्यात पारुलनं चुलीची जागा बदलली, कारण धूर डोळ्यांत जातो म्हणून. रुखमाबाई दोन दिवस रुसून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिला धूर न लागल्याचं लक्षात आलं. पारुल तापल्या वाळूत असे मुरमुरे फोडायची की शाळेतली पोरं सुट्टीत अंगणात उभी राहायची. मासे ती असे शिजवायची की तारीख नसलेले लोकही जेवायला येऊ लागले. स्वतः मात्र मीठ-मिरची आणि भात. दोन वर्षांत ती साकोलीसारखं बोलायला लागली, फक्त राग आला की बंगालीत जायची.

‘‘तू भांडते तं मले काही समजत नाही वो पारू,’’ रुखमाबाई म्हणायची.

‘‘त्याच्यातच तं मजा नाही, दीदी,’’ पारुल म्हणायची. ‘‘भांडलो तं समोरच्याले समजलं पायजे. तिकडं कॅम्पात माया भाषेत भांडाले बाया हायत. मले तिथं मराचं हाय.’’

हे ऐकलं की रुखमाबाई घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. पारुलला जायचं होतं. तिला या घरावर प्रेम नव्हतं असं नाही, पण तिला तिची माणसं, तिची बोली हवी होती. आणि ती जाण्यासाठी जे करायला हवं होतं ते रुखमाबाईच करत होती. अर्ज पुढे सरकला की ती देवापुढे साखर ठेवायची. तारीख पुढे ढकलली गेली की त्या संध्याकाळी तिला भूक चांगली लागायची. असं दोन्ही एकाच माणसाच्या आत चालत होतं. एकदा साक्ष द्यायला भंडाऱ्याला जायचं होतं तेव्हा तिनं गुडघ्याचं निमित्त काढलं आणि पावसाळाभर काम अडून राहिलं. पारुलनं रोज त्या गुडघ्याला मोहाचं तेल चोळलं. रुखमाबाईला इतकी लाज वाटली की शेवटी तिनं स्वतःच भैय्यालालला सांगितलं, ‘‘गुडघा बरा झाला जी. घ्या पुढची तारीख.’’

मधल्या काळात एकदा गुरुपद आला. त्याच्याच कुठल्याशा कागदासाठी बंगालमधून आला होता आणि कोणीतरी त्याला खानावळीत पाठवलं. अंगणात पाय ठेवल्याबरोबर त्यानं चुलीपाशी पांढरी साडी पाहिली आणि झटक्यात पाठ फिरवली. पारुल हातातली कढई तशीच टाकून मागच्या दारानं निघून गेली. मासे करपले. म्हातारा गल्लीकडे तोंड करून उभा राहिला आणि रुखमाबाईला म्हणाला, ‘‘उनको बोलना, हम अच्छा है.’’

भैय्यालालनं त्याला ओटीवर बसवून गळ घातली. एकदा साहेबापुढे सांग की ही तुझी बायको नव्हे, लहान भावाची विधवा आहे. गुरुपदानं मान हलवली. इतकी वर्षं तिच्या नावाचं रेशन त्याच्या कार्डावर आलं होतं. आता बोललो तर सरकार विचारेल, तेव्हा का नाही बोललास? तो जेवलाही नाही. पाठमोराच गेला. पारुल तिन्हीसांजेला परत आली आणि कढई राखेनं घासत बसली.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात भंडाऱ्याची तारीख पक्की झाली. नवीन साहेब आले होते, पश्चिम महाराष्ट्राकडचे, भैय्यालालच्या भाषेत ‘ऐकून घेनारे’. त्यांनी निरोप दिला होता की बाईनं स्वतः यावं, सोबत तिला जवळून ओळखणारी स्थानिक बाई आणावी, आणि दोघींनी शपथेवर तोंडी सांगावं.

‘‘नवऱ्याचं नाव तुमालेच घ्या लागन, पारूबाई,’’ भैय्यालाल म्हणाला. ‘‘मी घेतलं तं चालत नाही.’’

मग सराव सुरू झाला. तलावावर धुणं धुताना रुखमाबाई म्हणायची, ‘‘घे नाव. इथं कोन हाय, बदकं हायत.’’ पारुल ओठ हलवायची आणि हसू यायचं, मग डोळ्यांत पाणी. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं सांगितलेलं. ‘‘त्याचं आता काय कमी होनार हाय?’’ रुखमाबाई म्हणाली. पारुल लुगडं पिळता पिळता थांबली.

‘‘दीदी, तुमी घ्या आधी. तुमच्या नवऱ्याचं.’’

‘‘मायं काय काम हाय त्याचं?’’ रुखमाबाईनं धुणं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

भंडाऱ्याला तिघं सकाळच्या गाडीनं गेले. साहेबांची खोली मोठी होती, वर पंखा, कडेला लिहून घेणारा कारकून. पारुलला उभं केलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘‘तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा.’’

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. भैय्यालाल दाराशी चुळबुळला. ‘‘साहेब, हरि...’’

‘‘तुम्ही नका सांगू,’’ साहेब म्हणाले. ‘‘दुसऱ्याकडं पाहून नाव लिहिल्यानंच हा घोळ झाला आहे. बाईंच्या तोंडून ऐकू द्या. आम्हाला घाई नाही.’’

पारुलनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, दोन्ही हात जोडले, आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, ‘‘हरिपद.’’ मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, जणू तो पलीकडच्या खोलीत असावा. ‘‘हरिपद मंडल.’’ कारकुनानं लिहून घेतलं. ती भिंतीला टेकली.

मग रुखमाबाई. तिनं जे ठरवलं होतं ते नीट सांगितलं. ‘‘साहेब, चार वर्सं झाली, ही माया घरी राहून राहिली. मासे शिजवते, पन तोंडात घालत नाही. नवरा जिता असता तं बंगाली बाईनं मासा सोडला असता का? अन् तो गुरुपद आला होता, तं ही मांगच्या दारानं निंगून गेली, त्यानं बी पाठ केली. आमच्यात बी भासऱ्यापुढं अशीच वागतेत. नवऱ्यापुढं कोनती बाई अशी पळते?’’

साहेब मान डोलवत होते. त्यांना ते पटलेलं दिसत होतं. कारकुनानं वर न पाहता विचारलं, ‘‘साक्षीदाराचं पूर्ण नाव?’’

‘‘रुखमा.’’

‘‘नवऱ्याचं नाव?’’

पारुल भिंतीपासून तिच्याकडे पाहत होती. तिनं घेतलं होतं, आता दीदीनं घ्यायचं होतं, इतकं साधं होतं ते.

‘‘गोमाजी,’’ रुखमाबाई म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा.

‘‘हयात?’’

हा प्रश्न तिनं धरलाच नव्हता. ‘‘माहीत नाही जी. बेपत्ता हाय.’’

‘‘कधीपासून?’’ आता साहेबांनीच विचारलं. ‘‘पोलिसात खबर दिली होती? कुठं अर्ज केला होता?’’

‘‘नाही.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. ‘‘बाई, मला तुम्हाला दुखवायचं नाही. पण हे वर जाणार आहे, आणि तिथं कोणीही विचारेल. ज्या बाईला स्वतःचा नवरा जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, तिनं कधी कुठं खबरही दिली नाही, तिच्या शब्दावर दुसरीचा नवरा कोण हे आम्ही कसं मानायचं? दुसरा कोणी साक्षीदार आहे?’’

दुसरा कोणी नव्हता. हे रुखमाबाईला ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट तिला त्या क्षणी कळली, ती सांगायला हवी. ती गप्प राहिली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. अर्ज फेटाळला गेला असता, तिघं संध्याकाळच्या गाडीनं परत आले असते, पारुल रडली असती, आणि मग आयुष्यभर रुखमाबाईच्या चुलीशी मासे शिजवत राहिली असती. वाट पाहणारी बायको म्हणून तिचा मानही राहिला असता. दोन्ही हातात होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

पारुल अजून हात जोडूनच भिंतीशी उभी होती.

‘‘हयात हाय, साहेब,’’ रुखमाबाई म्हणाली. ‘‘मी खोटं बोलली. दुर्गले राह्यते. दुसरी बायको हाय, लेकरं हायत. मी डोळ्यानं पाहून आली. त्यानं मले ओळखलं अन् इचारलं, कोन पायजे. मी म्हनलं, घर चुकलं. गावात मी सापडला नाही म्हनून सांगतलं. वीस वर्सं सांगून राहिली. आता लिहा.’’

कारकुनाचं पेन थांबलं होतं. साहेबांनी त्याला हातानं खूण केली. सगळं लिहून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘एवढं पुरे आहे. बाईंना पाणी द्या.’’

बाहेर आल्यावर भैय्यालालनं विडी पेटवली, ती विझली, पुन्हा पेटवली. भंडारा ते साकोली तो बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. लाखनीच्या पुढे कधीतरी म्हणाला, ‘‘मी इतक्या ट्रकवाल्याईले सांगत होतो, रुखमाबाई.’’

‘‘हो जी.’’

‘‘मले तरी सांगाचं होतं.’’

पुढे तो जेवायला येत राहिला, पूर्वीसारखाच पाटावर बसे, पण रायपूरकडे जाणाऱ्या कोणाला त्यानं पुन्हा थांबवलं नाही. जेवून लगेच उठून जाऊ लागला. तिनं त्याला फसवलं होतं हे खरंच होतं, आणि त्याचं ते वर्षानुवर्षांचं सांगणं तिला आता फार आठवायचं.

पारुल त्या दिवशी बसमध्ये रुखमाबाईला चिकटून बसली. तिनं रुखमाबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि साकोली येईपर्यंत धरून ठेवला.

उन्हाळा संपता संपता कागद आला. पारुलबाला मंडल, हरिपद मंडल याची विधवा, भारताची नागरिक. भैय्यालालनं वाचून दाखवलं तेव्हा तिनं तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग पुन्हा. नवऱ्याचं नाव आलं की ती दर वेळी पदर सावरायची. वसाहतीत तलावाच्या बाजूला तिला जागा मिळाली.

निघायच्या दिवशी बसस्थानकावर ती म्हणाली, ‘‘दीदी, तुमी बी चला. घरात दोघी राहू.’’

रुखमाबाईला हो म्हणायचं होतं. अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण पहिल्याच बोलावण्याला हो म्हणायची तिला सवय नव्हती, आपल्याकडे कोणाला असते? ‘‘मंग तारीखवाल्याईले कोन वाढन?’’ ती म्हणाली आणि हसली. पारुलनं आणखी एकदा विचारलं असतं तर ती गेली असती. पारुलला वाटलं, उत्तर मिळालं. गाडी सुटली.

पहिल्या वर्षी पारुल दोन-तीनदा आली, मुरमुरे घेऊन. मग एकदा. रुखमाबाईनं तिला दोष दिला नाही. कागदाचं काम नसताना जंगलातून साकोलीला कोण येतं? तिच्या ओसरीवर राहून गेलेला एकही माणूस काम झाल्यावर परत आला नव्हता, आणि न येणं हेच काम झाल्याचं लक्षण होतं. हे तिला समजत होतं. समजून काही उपयोग होत नव्हता. भंडाऱ्यात ती काय बोलली ते कचेरीतून साऱ्या साकोलीत पोचलं होतं, त्यामुळे वाट पाहण्याचंही आता सोंग उरलं नव्हतं. पूर्वी संध्याकाळी दाराशी बसलं तर गाव म्हणे, बिचारी वाट पाहते. आता बसलं तर नुसतं बसणं होतं.

एका गोष्टीत मात्र तिचा भाव वाढला. पूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायला बिचकत, नवरा आहे की नाही याचा भरवसा नाही म्हणून. आता तर भंडाऱ्याच्या साहेबापुढे शपथेवर ठरलं होतं की तो जिवंत आहे. शेजारची देवकाबाई स्वतः बोलवायला आली. मनानं साधी बाई, तिला काही खुपसायचं नव्हतं. अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या, तिळगूळ वाटून झाला होता, आणि एकेक जण यमक जुळवून नवऱ्याचं नाव घेत होती. हसण्याखिदळण्यात रुखमाबाईची पाळी आली.

‘‘घ्या वो रुखमाबाई,’’ देवकाबाई म्हणाली. ‘‘साहेबापुढं घेतलं म्हनतेत, मंग आमच्यापुढं काहून लाजता?’’

रुखमाबाईनं तिळगूळ पदराच्या गाठीत बांधला. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या.

‘‘ते एकडाव घेतलं, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘घेतलं अन् घरची पारू गेली. आता घरात कोनी नाही उरलं, कोनाच्यासाठी घेऊ?’’

देवकाबाईनं घाईघाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुढचीला नाव घ्यायला सांगितलं.